बुरशीला भांडं हवं होतं

पेनिसिलिनचा शोध कोणी लावला, हा शाळेत एका गुणाचा प्रश्न असतो आणि उत्तर एका ओळीत संपतं: अलेक्झांडर फ्लेमिंग, 1928. गोष्टही बहुतेकांना पाठ असते. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलातला शास्त्रज्ञ सुट्टीवरून परतला, न धुता राहिलेल्या काचेच्या बश्यांपैकी एकीवर त्याला बुरशी दिसली आणि बुरशीच्या आजूबाजूचे जंतू नाहीसे झालेले दिसले. गोष्ट खरी आहे, पण तिच्यात औषध कुठेच नाही. फ्लेमिंगचा निबंध 1929 साली छापून आला. रोग्याच्या शिरेतून पेनिसिलिन पहिल्यांदा गेलं ते 1941 साली. मधली बारा वर्षं तो निबंध ग्रंथालयांच्या कपाटांत होता, बुरशी प्रयोगशाळांच्या नळ्यांत होती आणि माणसं साध्या जखमा चिघळून मरत होती.

गरज ही शोधाची जननी, असं आपण सहज म्हणून जातो. या बारा वर्षांपुढे ते म्हणणं टिकत नाही. गरजेचं म्हणाल तर ती फ्लेमिंगने जितकी जवळून पाहिली होती तितकी फार थोड्यांनी पाहिली असेल. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समधल्या बुलोन इथे लष्करी प्रयोगशाळेत होता. गोळीने न मेलेले सैनिक जखमेतल्या जंतूंनी मरताना त्याने पाहिले. त्या काळची जंतुनाशकं खोल जखमेत ओतली की जंतूंपेक्षा रक्तातल्या पांढऱ्या पेशीच जास्त मरतात, हेही त्यानेच दाखवून दिलं होतं. म्हणजे गरज होती, ती ओळखणारा माणूस होता आणि 1928 साली उपायही त्याच्याच टेबलावर आला. तरी काही घडलं नाही.

असं का झालं, याचं उत्तर त्या रसाच्या स्वभावात आहे. बुरशी ज्या द्रवावर वाढते त्यात ती काहीतरी सोडते आणि ते जंतूंना मारतं, इथवर ठीक होतं. पण ते 'काहीतरी' द्रवात अत्यल्प असे. तापवलं की नासे, आम्लात नासे, अल्कलीत नासे, नुसतं ठेवलं तरी काही दिवसांत निकामी होई. फ्लेमिंगच्या हाताखालच्या क्रॅडॉक आणि रिडली या दोघा तरुणांनी ते वेगळं काढायचा प्रयत्न केला. दोघांपैकी कोणीही रसायनशास्त्रज्ञ नव्हता. त्यांना बरंच यश आलं आणि मग काम थांबलं. फ्लेमिंगने स्वतः त्या रसाचा उपयोग केला तो मुख्यतः प्रयोगशाळेपुरता. बशीवर इन्फ्लुएन्झाचे जंतू वाढवायचे असतील तर बाकीचे जंतू आड येतात, ते शेतातलं तण काढावं तसे या रसाने काढून टाकायचे. त्याच्या 1929 च्या निबंधाच्या शीर्षकातच हा उपयोग दिला आहे. पुढे 1932 साली हॅरॉल्ड रेस्ट्रिक या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाने हात घातला. रस आम्ल केला तर पेनिसिलिन ईथरमध्ये उतरतं, हे त्याला कळलं. पण ईथर उडवून दिला की खाली काहीच उरेना. त्याने नाद सोडला.

यातली सगळ्यात चुटपुट लावणारी हकीकत शेफील्डची आहे. सेसिल पेन हा सेंट मेरीजमध्ये शिकलेला डॉक्टर. 1930 साली त्याने फ्लेमिंगकडून बुरशी मागवली, कच्चा रस काढला आणि जन्मतःच डोळ्यांना संसर्ग झालेल्या बाळांच्या डोळ्यांत तो घातला. काही बाळं बरी झाली. म्हणजे पेनिसिलिनने माणूस बरा करता येतो हे 1930 सालीच एका इस्पितळात सिद्ध झालं होतं. पेनने त्यावर एक ओळही छापली नाही. तो दुसऱ्या कामाला लागला. पुढे शेफील्डला पॅथॉलॉजीचा प्राध्यापक म्हणून एक ऑस्ट्रेलियन आला, त्याच्याशी बोलताना पेनने हे सांगितलंही. त्या प्राध्यापकानेही तेव्हा काही केलं नाही. त्याचं नाव हॉवर्ड फ्लोरी.

1935 साली फ्लोरी ऑक्सफर्डला गेला, सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीचा प्रमुख म्हणून. तो तुटक बोलणारा आणि पैशांसाठी सतत अर्ज लिहिणारा माणूस होता. पॅथॉलॉजीत रसायनशास्त्रज्ञ हवा म्हणून त्याने अर्न्स्ट चेन याला घेतलं. चेन बर्लिनचा ज्यू, हिटलर सत्तेवर आल्यावर 1933 साली इंग्लंडला पळून आलेला, पियानो उत्तम वाजवणारा, तोंडाने फटकळ. जंतू मारणारे नैसर्गिक पदार्थ या विषयावरचे जुने निबंध उपसता उपसता 1938 साली त्याच्या हाती फ्लेमिंगचा निबंध लागला. चेनला वाटलं, हे एखादं एन्झाइम असणार. हा तर्क साफ चुकला, कारण पेनिसिलिन हा लहानसा रेणू निघाला. पण त्या चुकीच्या तर्कानेच त्याला कामाला लावलं. आणि गंमत अशी की बुरशी शोधायला बाहेर जावंही लागलं नाही. फ्लोरीच्या आधीच्या प्राध्यापकाने कधीतरी मागवलेली फ्लेमिंगची बुरशी त्याच इमारतीत जिवंत होती.

औषध बनवायचं म्हणून त्यांनी हे हाती घेतलं नव्हतं. दोघांनीही पुढे हे मोकळेपणाने सांगितलं. पदार्थ विचित्र होता, कोडं होतं, म्हणून ते त्यात शिरले. युद्ध नंतर आलं. तेव्हा गरजेला जननीपद द्यायचंच असेल तर कुतूहलालाही काहीतरी नातं द्यावं लागेल. आणि माझ्या मते फ्लोरी आणि चेन या दोघांच्याही आधी ज्याचं नाव घ्यायला हवं तो माणूस या गोष्टीत अजून आलेलाच नाही.

नॉर्मन हीटली तेव्हा 28 वर्षांचा होता. सप्टेंबर 1939 मध्ये तो कोपनहेगनला संशोधनासाठी जायचा होता. युद्ध जाहीर झालं, जाणं रद्द झालं आणि तो ऑक्सफर्डलाच राहिला. चेनशी त्याचं जमत नसे. थेट फ्लोरीच्या हाताखाली काम करायचं, या अटीवर तो थांबला. हीटलीच्या अंगी एक गुण होता जो विद्यापीठात फारसा मोजला जात नाही. त्याला वस्तू बनवता येत. काच वाकवणं, लाकूड कापणं, वायरी जोडणं, मोडक्यातून चालतं काही उभं करणं, हे सगळं तो करी, तेही गाजावाजा न करता.

त्याने आधी मोजायची पद्धत बसवली. रसात पेनिसिलिन किती आहे हेच कळत नसेल तर कोणती युक्ती फायद्याची आणि कोणती नाही, हे कसं ठरवायचं? जंतू पसरलेल्या बशीवर हीटलीने लहान लहान नळकांडी उभी केली, प्रत्येकात थोडा रस घातला आणि बशी रात्रभर ठेवली. सकाळी प्रत्येक नळकांड्याभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ दिसे. वर्तुळ जितकं मोठं, तितका रस जोरकस. पट्टीने व्यास मोजायचा, संपलं. इतक्या सोप्या युक्तीवर पुढची काही वर्षं सगळं काम चाललं, आणि 'ऑक्सफर्ड युनिट' हे मापही त्यातूनच आलं.

मग रेस्ट्रिक जिथे अडकला होता ती जागा. पेनिसिलिन ईथरमध्ये जातं, पण ईथर उडवला की ते नासतं. हीटली म्हणाला, ईथर उडवायचाच कशाला? त्यातून ते परत पाण्यात आणू. आम्ल पाण्यातून ते ईथरमध्ये उतरतं, तर किंचित अल्कली पाण्याबरोबर तोच ईथर हलवला की ते पाण्यात परत यायला हवं. चेनला हे पटलं नाही. वाटतं तर तूच करून बघ, असं तो म्हणाला. हीटलीने करून बघितलं आणि ते चाललं. हे पाणी गोठवून सुकवलं की तपकिरी पूड उरे. त्या पुडीत पेनिसिलिन थोडं आणि गाळ फार, पण ती टिकत होती.

25 मे 1940, शनिवार. आठ उंदरांना मरतील इतके स्ट्रेप्टोकोकस जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना काहीच नाही. रात्री हीटली एकटाच पिंजऱ्यांजवळ बसून होता. पहाटे पावणेचारपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेले. औषध दिलेले चारही जिवंत होते. तो उठला आणि ब्लॅकआउटच्या अंधारात घरी गेला. दुसऱ्या दिवशी डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य माघारी आणायला सुरुवात झाली. जर्मन इंग्लंडमध्ये उतरतील असं त्या आठवड्यांत कोणालाही वाटू शकत होतं. प्रयोगशाळा जाळून टाकावी लागली तर काय, म्हणून या मंडळींनी आपल्या कोटांच्या अस्तरांना बुरशीचे बीजाणू चोळून ठेवले. पळावं लागलं तरी अंगावर बुरशी असेल, कुठेतरी पुन्हा वाढवता येईल.

ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला. लंडनहून फ्लेमिंग बघायला येऊन गेला. पण माणूस उंदराच्या सुमारे तीन हजार पट जड असतो. चार उंदरांना पुरेल इतकी पूड काढताना ज्यांची दमछाक झाली होती, त्यांना आता माणसाला पुरेल इतकी काढायची होती. आणि अडलं ते भांड्यापाशी.

ही बुरशी द्रवाच्या पृष्ठभागावर वाढते, वरून हवा लागते म्हणून. खोल भांडं उपयोगाचं नाही, कारण तळाचा द्रव वाया जातो. दीडेक सेंटिमीटर खोलीचा थर आणि होईल तितकं पसरट भांडं, असा हिशेब होता. त्यांनी हाताला लागेल ते वापरून पाहिलं: बिस्किटांचे डबे, दुधाचे कॅन, पाई भाजायचे पत्रे, नहाणीतले टब. सगळ्यात चांगलं ठरलं ते इस्पितळातलं जुन्या घाटाचं, झाकण असलेलं बेडपॅन. रोग्याच्या पाठीखाली सरकवायची ती वस्तू बुरशीला मानवली. पण युद्धात तीही हवी तितकी मिळेना. शेवटी हीटलीने बेडपॅनवरूनच एक भांडं कागदावर काढलं: चौकोनी, चपटं, एकावर एक रचता येईल असं, एका बाजूला तोटी, आतून झिलई, आत सुमारे लिटरभर द्रव मावेल एवढं. स्टॅफर्डशरमधल्या बर्सलेम या कुंभारकामाच्या गावी जेम्स मॅकिन्टायर कंपनीने ते मातीत करून दिलं. 23 डिसेंबर 1940 ला हीटली उसनी व्हॅन घेऊन गेला आणि पहिली 174 भांडी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी ती धुऊन निर्जंतुक केली. नाताळच्या दिवशी त्यांत बुरशी पेरली.

पुढचे काही महिने डन स्कूल ही प्रयोगशाळा कमी आणि गिरणी जास्त होती. भांडी भरायला, बुरशी पेरायला, रस काढायला सहा तरुण मुली ठेवल्या. आठवड्याला दोन पौंड पगार. रंगाऱ्याच्या फवाऱ्याच्या बंदुकीने त्या बीजाणू फवारत. रस काढायचं यंत्र हीटलीने बांधलं ते बोडलियन ग्रंथालयाने टाकून दिलेल्या पुस्तकांच्या कपाटावर. काचेच्या नळ्या, रबरी नळ्या, दुधाचे कॅन, रंगीत दिवे आणि बाटली भरली की वाजणारी दाराची घंटा. ईथरच्या वासाने डोकं उठे आणि खोली मुद्दाम थंडगार ठेवलेली असे, नाहीतर पेनिसिलिन नासे. एखाद्याला हे यंत्र पाहून हसू येईल. मला मात्र पेनिसिलिनच्या सगळ्या इतिहासात हे कपाट सर्वांत खरं वाटतं.

फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरी या इस्पितळात अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा 43 वर्षांचा पोलीस मरायला टेकला होता. तोंडावरच्या जखमेतून जंतू शिरले होते. ती जखम गुलाबाच्या काट्याची, असं सांगतात. काहींच्या मते बॉम्बहल्ल्यातली. डोकं, चेहरा गळवांनी भरलेला, एक डोळा काढून टाकलेला, फुप्फुसात संसर्ग पोचलेला. 12 तारखेला चार्ल्स फ्लेचर या डॉक्टरने पहिलं इंजेक्शन दिलं. एका दिवसात फरक दिसला. ताप उतरला, पू कमी झाला, माणूस जेवायला लागला. आणि औषध संपत आलं. पेनिसिलिन शरीरात टिकत नाही, लघवीतून झरझर बाहेर पडतं. तेव्हा त्याची लघवी बाटल्यांत भरून सायकलवरून डन स्कूलला न्यायची, तिच्यातून पेनिसिलिन परत काढायचं आणि पुन्हा त्यालाच टोचायचं, असा खटाटोप सुरू झाला. पाच दिवसांत सगळा साठा संपला. काही दिवस तो सावरलेला राहिला, मग संसर्गाने उचल खाल्ली आणि 15 मार्चला तो गेला. औषध लागू पडलं होतं, ते पुरलं नाही. फ्लोरीने यातून धडा घेतला तो हिशेबी होता: पुढचे रोगी लहान मुलं घ्यायची, त्यांना मात्रा कमी लागते.

आता गरजेकडे परत यायला हरकत नाही. युद्धाने पेनिसिलिन जन्माला घातलं नाही, पण ते वाढवलं युद्धानेच, हे नाकारता येत नाही. बॉम्बहल्ले झेलणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांना या नाजूक रसासाठी कारखाने उभारणं जमण्यासारखं नव्हतं. जूनअखेर फ्लोरी आणि हीटली बुरशी बरोबर घेऊन लिस्बनमार्गे अमेरिकेला गेले. पेटंटशिवायच गेले. चेनने पेटंट घ्या म्हणून डोकं आपटलं होतं. जर्मनीतल्या औषध कंपन्यांची रीत त्याने पाहिलेली होती. पण ब्रिटिश विज्ञानातल्या वडीलधाऱ्यांनी वैद्यकीय शोधाचं पेटंट घेणं अनीतीचं ठरवलं. अमेरिकनांचं असं काही म्हणणं नव्हतं. युद्धानंतर ब्रिटिश कंपन्यांना टाक्यांत पेनिसिलिन काढायची पद्धत अमेरिकेकडून पैसे मोजून घ्यावी लागली आणि चेन हे शेवटपर्यंत विसरला नाही.

इलिनॉयमधल्या पिओरिया गावी सरकारी शेती संशोधनाची प्रयोगशाळा होती. मक्याचं पीक अमाप येतं, त्याचं काय करायचं, हा तिचा मुख्य प्रश्न. मक्यापासून स्टार्च काढताना मका भिजत घालतात, त्याचं दाट, आंबूस पाणी उरतं. हे कॉर्न स्टीप लिकर कुठे खपवायचं, ही त्यांची जुनी डोकेदुखी होती आणि जे काम येई त्यात ते घालून बघायची त्यांना सवय होती. अँड्र्यू मॉयरने ते पेनिसिलिनच्या द्रवात घातलं, साखरही बदलली. उत्पन्न दहापटीहून वाढलं. ऑक्सफर्डला हे सुचण्यासारखंच नव्हतं, कारण ऑक्सफर्डच्या आसपास ते पाणी नव्हतं. हा मॉयर हीटलीशी सरळ वागला नाही. बऱ्याच गोष्टी लपवल्या, दोघांच्या कामाचा निबंध एकट्याच्या नावाने छापला आणि पेटंटंही घेतली. पण ते पाणी द्रवात घातलं त्यानेच.

मग चांगली बुरशी शोधायची मोहीम निघाली. लष्कराची विमानं जगभरातून मातीचे नमुने आणत होती. 1943 साली सर्वांत सरस बुरशी सापडली ती पिओरियाच्याच बाजारातल्या एका खरबुजावर. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मेरी हंट हिच्या नावावर ती गोष्ट जमा आहे. या बुरशीवर पुढे क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडून तिची आणखी जोमदार वाणं काढली. ऑक्सफर्डला मिलिलिटरभर रसात दोनेक युनिट मिळत. युद्ध संपता संपता विस्कॉन्सिनमधल्या एका वाणातून नऊशेच्या आसपास मिळू लागली.

राहता राहिली ती भांड्याची गोष्ट. हजारो भांडी रचून जगाला औषध पुरणार नव्हतं. बुरशी पृष्ठभागावर न वाढवता खोल टाकीत, द्रवाच्या पोटात वाढवायची, तर तिला तिथे हवा पोचवायला हवी, तीही निर्जंतुक, सतत, आणि सगळं ढवळत राहायला हवं. एक परका जंतू आत शिरला की सबंध टाकी फुकट. हे कोणाला जमेल? ब्रुकलिनची फायझर कंपनी तेव्हा औषधांसाठी फारशी प्रसिद्ध नव्हती. ती सरबतात आणि गोळ्यांत पडणारं सायट्रिक ॲसिड करी, आणि ते लिंबापासून न काढता साखरेवर बुरशी पोसून करी. म्हणजे बुरशीचे नखरे सांभाळायची त्यांना वीस वर्षांची सवय होती. जॅस्पर केन या त्यांच्या शास्त्रज्ञाला खोल टाकीत आंबवण्याचाही अनुभव होता. तरी कंपनीचे जॉन स्मिथ बिचकत होते. चांगल्या चालणाऱ्या कारखान्यात परकी बुरशी आणायची, ती सायट्रिक ॲसिडच्या टाक्यांत शिरली म्हणजे? जवळच्याच ब्रुकलिन ज्यूइश हॉस्पिटलात डॉ. लिओ लोवे हृदयाला संसर्ग झालेल्या एका लहान मुलीला पेनिसिलिन देत होता. स्मिथ तिला बघायला जात. ती सुधारत गेली. कंपनीने मार्सी ॲव्हेन्यूवरचा बर्फाचा जुना कारखाना विकत घेतला. बर्फाच्या कारखान्यात थंड करायची यंत्रं आधीच होती, आणि टाक्या थंड ठेवणं हे निम्मं काम होतं. काही महिन्यांत तिथे 14 टाक्या उभ्या राहिल्या, प्रत्येकी साडेसात हजार गॅलनची. 1 मार्च 1944 ला काम सुरू झालं. 6 जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा बरोबर असलेल्या पेनिसिलिनचा मोठा हिस्सा या बर्फाच्या कारखान्यातला होता. 1943 साली एक मात्रा वीस डॉलरला पडे. 1946 साली ती 55 सेंटवर आली होती.

या सगळ्यात श्रेय वाटायचं म्हटलं तर कोणाला किती द्यायचं? नोबेल समितीपुढे तीनच जागा असतात. 1945 साली त्या फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाल्या. वर्तमानपत्रांनी तर आधीच एकट्या फ्लेमिंगला निवडलं होतं. त्याला काही अंशी फ्लोरी स्वतः जबाबदार होता. औषध पुरेसं नसताना जाहिरात झाली तर रोग्यांचे नातेवाईक दारात रांगा लावतील, म्हणून तो पत्रकारांना दारातून परतवी, आणि फ्लेमिंग त्यांच्याशी बोले. हीटलीच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. 1990 साली ऑक्सफर्डने त्याला मानद डॉक्टर ऑफ मेडिसिन केलं. वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसाला हा मान त्या विद्यापीठाने आठशे वर्षांत प्रथमच दिला, असं सांगतात. 2004 साली तो गेला. बारा वर्षं अडलेलं काम भांडं, पट्टी आणि ईथर यांनी हललं, आणि तिन्ही जागी हात त्याचाच होता. कल्पना सुचलेल्या माणसाचं नाव आपण लक्षात ठेवतो, कारण ते लक्षात ठेवायला सोपं असतं.

स्वातंत्र्यानंतर भारतापुढेही भांड्याचाच प्रश्न आला, फक्त आता भांडं कारखान्याएवढं होतं. परदेशी पेनिसिलिन आणून इथे कुप्यांत भरणं सोपं होतं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे प्रमुख राहिलेले साहिबसिंग सोखी हे मात्र, औषध इथेच आंबलं पाहिजे आणि कारखाना सरकारी हवा, म्हणून हटून बसले होते. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले आणि पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1954 साली कंपनी स्थापन झाली, 1955 साली पेनिसिलिन निघू लागलं. पिंपरी-चिंचवडची औद्योगिक नगरी व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिथले लोक या कंपनीला आजही 'एचए' म्हणतात.

पिंपरीतल्या शास्त्रज्ञांनी टाक्या राखण्याबरोबर मातीही धुंडाळली. 1961 साली डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मृदाजंतूपासून बुरशी मारणारं औषध काढलं. जंतूचं नाव त्यांनी ठेवलं स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना, औषधाचं नाव हॅमायसिन, कंपनीच्या आद्याक्षरांवरून. प्रयोगशाळेत ते जोरदार होतं. पण ते पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे पोटात घ्यायचं मोठं औषध होण्याऐवजी ते तोंडात, कानात आणि कातडीवर लावण्यापुरतं राहिलं. त्याला पाण्यात उतरवण्याचे प्रयत्न पिंपरीत बरेच झाले.